मळ्यात काढून घेतलेले फोटो

माझ्या पाठीवर कोड आहे. एकतिसाव्या वर्षी डाव्या खांद्यापाशी रुपयाएवढा डाग उठला, आता सत्तेचाळिसाव्या वर्षी कमरेपर्यंत उतरलाय. इतकी वर्षं ब्लाउजची पाठ बंदच शिवून घेतली. त्याच पाठीचे, अंगावर काही न घालता, गेल्या नोव्हेंबरात पणजीला मळा नावाच्या वस्तीत फोटो काढून घेतले. फोटोग्राफर बाई ओळखीतूनच काम घेतात, म्हणून नाव लिहीत नाही. पण फोंड्याहून निघण्याआधी मला असं काही वाचायला मिळालं असतं तर रात्रभर जागले नसते.

पहिली भेट कॅमेऱ्याविना. चहा घेता घेता विचारलं, काय दाखवायचं, काय नाही, फोटो कोण बघणार. संमतीपत्रावर प्रदर्शन, वेबसाइट, पुस्तक असे वेगळे चौकोन होते. मी तिन्ही कोरे ठेवले, त्यांनी परत विषय काढला नाही. पत्र मात्र फक्त इंग्रजीत, हे खटकलं. संमतीशिवाय खासगी अंगाचा फोटो काढणं किंवा पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. एवढ्या गंभीर कागदाची मराठी-कोंकणी प्रत हवीच.

आदल्या दिवशी निरोप आला: सकाळपासून सैल गाऊन घाला, आत इलॅस्टिक नको. त्याचे वळ लवकर जात नाहीत.

घर जुनं, पूर्वेला शिंपल्यांची खिडकी. लाकडी चौकटीत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या, त्यातून ऊन दुधासारखं पसरून येतं. दिवा एकही लावला नाही. समोरच्या बाजूला काळं कापड टांगलं, म्हणजे कण्याची सावली गडद राहते. मध्येच वीज गेली, पंखा थांबला, काम चालूच. मला त्यांनी कुठेही हात लावला नाही. केस पुढे घ्यायचे तर आपल्या केसांवर करून दाखवायच्या आणि विचारायच्या, "ताई, चलता?"

डागांवर उजेड जास्त पडल्यासारखा दिसतो, फोटोत ते पांढरेफटक होऊन आतलं काही उरत नाही. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती घ्यायचा ते, डागांवरूनच मोजलं. मला वाटलं होतं, पुढे संगणकावर डाग झाकून देतील. त्यांनी एकाच फोटोची दोन कृष्णधवल रूपं शेजारी लावली. लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा भाग, वर नेला की गव्हाळ कातडी उजळते आणि डाग तिच्यात मिसळतात. निळा वर नेला की कातडी गडद होते, डागाची कड न् कड दिसते. दोन्ही लावून त्या गप्प बसल्या. मी बराच वेळ बघत होते. खांद्याखालच्या डागात बारीक तपकिरी ठिपके आहेत, केसांच्या मुळाशी रंग परतलेले. सोळा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं! पाठ आपली आपल्याला कुठे दिसते? मी निळा निवडला.

नको असलेले फोटो माझ्यासमोर कार्डावरून पुसले. कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही, नुसता पडदा. तसं सांगून आले. प्रिंट तीन आठवड्यांत देते म्हणाल्या, सहा लागले. कागद मात्र सुरेख, बिनचकाकीचा.

पहिल्या खेपेला एकाही फोटोत चेहरा नव्हता, माझीच अट होती. फेब्रुवारीची तारीख घेतली आहे, चेहऱ्यासकट.