पेंटॅक्स के-१००० की कॅनन एई-१? पहिला जुना कॅमेरा घेण्याआधी

१९७६ साली दोन जपानी एसएलआर कॅमेरे, म्हणजे लेन्समधून येणारे दृश्यच आरशाच्या मदतीने डोळ्याला दाखवणारे कॅमेरे, बाजारात आले. एक ‘असाही’ कंपनीचा पेंटॅक्स के-१०००, दुसरा कॅनन एई-१. दोघांत ३५ मिलिमीटरचा रोल बसतो, दोघांचे शटर १/१००० सेकंदापर्यंत जाते, दोघांत कापडी पडदे आडवे धावतात आणि फ्लॅशही दोघांत १/६० सेकंदापर्यंतच जुळतो. एवढे साम्य असूनही एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कॅमेऱ्यांनी अगदी उलट वाटा धरल्या. जुने कॅमेरे जमवायला सुरुवात करायची आहे आणि खिशात एकाचेच पैसे आहेत, अशा माणसापुढे आज बहुतेक वेळा हेच दोन पर्याय येतात.

माझे मत आधीच सांगतो. पहिला घ्याल तो पेंटॅक्स घ्या. पण छायाचित्रणाचे तंत्र कसे बदलत गेले हे प्रत्यक्ष हाताळून समजून घेण्यासाठी संग्रह करणार असाल, तर पुढेमागे एई-१ शेजारी ठेवल्याशिवाय पेंटॅक्सचेही मोल पुरते कळणार नाही.

के-१००० मध्ये जे नाही त्याची यादी मोठी आहे. सेल्फ-टायमर नाही, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे, लहान-मोठे होणारे भोक) आधी बंद करून फोकसची खोली, म्हणजे पुढचा-मागचा किती भाग स्पष्ट येईल ते, पाहण्याची सोय नाही, कुठलीही स्वयंचलित रीत नाही. पेंटॅक्सने आपल्याच केएम या मॉडेलमधून सोयी काढून टाकल्या आणि विद्यार्थ्यांना परवडेल असा कॅमेरा बनवला. जे उरले ते मात्र पोलादासारखे आहे. रोल पुढे सरकवण्याची लिव्हर ओढली की स्प्रिंग ताणली जाते, बटण दाबले की दातेरी चाके आणि पडदे आपले काम करतात. एलआर-४४ चा एक छोटा सेल लागतो, तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई हलवण्यासाठी. सेल संपला तरी १ सेकंदापासून १/१००० पर्यंत सगळे वेग चालू राहतात. उन्हात ॲपर्चर एफ-१६ वर ठेवायचे आणि फिल्मच्या आयएसओच्या (प्रकाशाला ती किती संवेदनशील आहे त्या आकड्याच्या) जवळचा शटरवेग लावायचा, एवढा जुना नियम पाठ असला की मीटरवाचूनही काम भागते.

एई-१ उघडून पाहिला तर वेगळीच दुनिया दिसते. सीपीयू, म्हणजे हिशेब करणारी चिप, बसवलेला हा जगातला पहिला एसएलआर. शटरवेग तुम्ही ठरवायचा, ॲपर्चर कॅमेरा ठरवणार. मीटरसाठी सिलिकॉनचा प्रकाशसेल आहे आणि तो पेंटॅक्समधल्या कॅडमियम सल्फाइडच्या मीटरपेक्षा खूप झटपट प्रतिसाद देतो. पण मला याहून मोठी गोष्ट वाटते ती कारखान्यातली. यंत्रांची जोडणी चिपवर सोपवल्यामुळे सुटे भाग सुमारे ३०० ने कमी झाले, जुळणीचे बरेच काम यंत्रांकडे गेले आणि किंमत खाली आली. वरचे झाकण धातूचे दिसते, पण ते मुलामा दिलेले प्लॅस्टिक आहे. हौशी माणसाने गळ्यात एसएलआर अडकवून सहलीला जावे ही कल्पना या कॅमेऱ्याने लाखो घरांत नेली. पुढे १९७८ चा कॅनन ए-१, १९८१ चा एई-१ प्रोग्राम, १९८५ चा स्वयंचलित फोकसवाला मिनोल्टा ७००० आणि १९८७ ची ईओएस मालिका हे सगळे याच वाटेवरचे टप्पे आहेत. आजच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात किती निर्णय आपल्यासाठी परस्पर घेतले जातात ते पाहा. त्यातला एक मोठा निर्णय एई-१ लाखो हौशी लोकांसाठी घेऊ लागला होता.

आता वापरताना काय फरक पडतो? गणपतीच्या मिरवणुकीत उजेड सतत बदलत असतो. ढोल-ताशाचे पथक उन्हातून दोन इमारतींच्या सावलीत शिरते. एई-१ वर १/२५० लावून ठेवले की टिपरू उगारणारा हात गोठतो आणि ॲपर्चरची चिंता कॅमेरा वाहतो. मागून ऊन येत असेल तर पुढच्या बाजूला एक बटण आहे. ते दाबून धरले की चित्र सुमारे दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उजळ येते. पेंटॅक्सवर याच वेळी तुम्हाला व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, उजव्या कडेची सुई मधोमध आणावी लागते, म्हणजे ॲपर्चरची कडी किंवा वेगाची चकती फिरवावी लागते. सुरुवातीला चार चांगले क्षण हुकतील. काही रोलांनंतर मात्र सुई पाहण्याआधीच बोटांना अंदाज येऊ लागतो. प्रकाश वाचण्याचे हे शिक्षण दुसऱ्या कुठल्या मार्गाने इतके पक्के होत नाही, असे मला मनापासून वाटते.

एई-१ वर हाताने एक्स्पोजर (फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते) लावता येत नाही असे नाही. लेन्स ‘ए’ खुणेवरून काढून आकडा स्वतः लावता येतो. पण व्ह्यूफाइंडरमधली सुई मात्र कॅमेऱ्याने काय लावले असते तेवढेच दाखवत राहते. तुम्ही काय लावले आहे याची तिला दखल नाही. शिकणाऱ्यासाठी ही मोठी उणीव आहे. आणि ६ व्होल्टचा सेल संपला की शटर पडतच नाही. बॅगेत दुसरा सेल नसेल तर तो दिवस तिथेच संपला.

दुरुस्तीचा मुद्दा मी सर्वांत जड धरतो. मुंबईत फोर्ट भागात आणि पुण्यात अजून काही हात असे आहेत, की जे यांत्रिक शटर उघडून साफ करतात, तेल देतात, वेग पुन्हा जुळवतात. पेंटॅक्स त्यांच्या टेबलावर गेला तर बहुतेक वेळा बरा होऊन परत येतो. एई-१ मधली चिप किंवा लवचीक सर्किट गेले तर नवा भाग मिळत नाही. दुसऱ्या एखाद्या मेलेल्या एई-१ मधून तो काढावा लागतो, आणि त्याचेही वय तेवढेच असते. त्याचा दुसरा प्रसिद्ध आजार मात्र बरा होणारा आहे. शटर दाबल्यावर खोकल्यासारखा किंवा चिरका आवाज येतो. आरशाच्या यंत्रणेतले वंगण सुकल्याची ती खूण असते. जाणकाराकडून वेळेत तेल घालून घेतले तर हा आवाज जातो. तसाच रेटत वापरला तर आरसा संथ होत जातो.

लेन्सचा हिशेबही मांडायला हवा. पेंटॅक्सची के बैठक, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची पद्धत, १९७५ ची, आणि पेंटॅक्सच्या आजच्या डिजिटल एसएलआरवरही त्या जुन्या लेन्स बसतात. रिको, चिनॉन अशा कंपन्यांनीही त्याच बैठकीचे कॅमेरे आणि लेन्स बनवल्या, त्यामुळे स्वस्तात पर्याय पुष्कळ मिळतात. कॅननने १९८७ मध्ये ईओएसबरोबर नवी ईएफ बैठक आणली आणि एई-१ ला लागणारी एफडी मालिका वाऱ्यावर सोडली. एफडीमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४२ मिलिमीटर आहे, ईएफमध्ये ४४. या दोन मिलिमीटरांमुळे एफडी लेन्स साध्या कडीने ईओएस एसएलआरवर लावली तर दूरचे दृश्य फोकसमध्ये येत नाही. मधे काचेचा ॲडॉप्टर लागतो आणि तो प्रतिमा बिघडवतो. म्हणून वर्षानुवर्षे या लेन्स कवडीमोलाने पडून होत्या. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे आल्यावर त्यांचे दिवस पालटले, कारण तिथे हे अंतर इतके कमी असते की साधी पोकळ कडी पुरते. तुमच्याकडे मिररलेस कॅमेरा असेल तर एई-१ बरोबर आलेली ५० मिलिमीटरची एफडी लेन्स तुमच्यासाठी दोनदा कामाची आहे. हा मुद्दा कॅननच्या बाजूने नक्की मोजा.

लेन्स कॅननच्या आवडतात पण शरीर यांत्रिक हवे, अशांसाठी १९७१ चा एफटीबी आहे. त्याचे शटर सेलशिवाय चालते. मीटर मात्र १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहे आणि ते सेल आता बनत नाहीत, तेव्हा पर्यायी सेलची सोय आधी पाहा.

आपल्याकडच्या हवेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण परदेशी खरेदी-मार्गदर्शकांत याला एखादी ओळ मिळते आणि आपल्याकडे याच गोष्टीने पुष्कळ कॅमेरे संपवले आहेत. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. वेळेत साफ केली तर लेन्स वाचते. रेंगाळली तर बुरशी काचेवरचा लेपच खाऊन टाकते, आणि मग पुसून काही उपयोग नसतो. कातडी केसमध्ये ठेवलेले कॅमेरे सर्वांत आधी बिघडतात, कारण कातडे ओल धरून ठेवते. केस वेगळी ठेवा. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, किंवा संग्रह वाढणार असेल तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे कोरडे कपाट घ्या. सेल काढून ठेवा. आणि अधूनमधून कॅमेरा बाहेर काढून सगळ्या वेगांवर शटर पाडा. नुसता पडून राहिलेला कॅमेरा लवकर अडकतो.

खरेदीला जाताना खिशात विजेरी आणि दोन्ही प्रकारचे नवे सेल असू द्या. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईतला चोर बाजार असो, की बंद होणारा एखादा स्टुडिओ, विकणारा ‘चालू आहे’ म्हणेलच. लेन्स उतरवून ॲपर्चर पूर्ण उघडा आणि एका बाजूने विजेरी मारून दुसऱ्या बाजूने पाहा. धागे, ढगाळपणा, कडेला इंद्रधनुषी डाग दिसले तर त्या लेन्सचे पैसे किमतीतून वजा करा. मागचे झाकण उघडून लेन्सविना कॅमेरा आभाळाकडे धरा आणि १/१००० वर शटर पाडा. पूर्ण चौकट एकसारखी उजळ दिसायला हवी. एक कड काळी राहत असेल तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतो आहे, म्हणजे शटरला सर्व्हिसिंग हवे. मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ घेतला तर हे स्पष्ट दिसते. १ सेकंदावर पडदा मधेच रेंगाळत नाही ना, तेही पाहा. पडद्याच्या कापडाला सुईएवढी भोके नाहीत ना, याची खात्री करा. झाकणाच्या कडेचा फोम चिकट, काळ्या चिखलासारखा झालेला असणारच. त्याला घाबरू नका, तो घरीही बदलता येतो.

के-१००० साठी एक खास सूचना. सुरुवातीचे नग जपानमध्ये बनले, मग उत्पादन हाँगकाँगला गेले आणि शेवटची काही वर्षे चीनमध्ये झाले. हा कॅमेरा १९९७ पर्यंत बनत राहिला, यातच त्याची महती आहे. चिनी नगांत प्लॅस्टिकचे भाग वाढले. चालतात तेही उत्तम, पण संग्रहासाठी ‘असाही’ नाव कोरलेला जुना नग मी आधी शोधीन. या कॅमेऱ्याला मीटर बंद करायचा खटका नाही. लेन्सवर टोपी लावली की अंधारामुळे मीटर जवळजवळ झोपते. टोपी हरवलेला कॅमेरा सेल खात राहतो.

एई-१ वर सेल बसवून बॅटरी तपासण्याचे बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमधली सुई ५.६ वर किंवा त्याखाली स्थिर राहायला हवी. सेलचे पुढचे छोटे दार नीट बंद होते का तेही बघा, कारण ते तुटलेले नग खूप सापडतात.

खर्चाचा विचार करताना कॅमेऱ्याची किंमत ही सुरुवात आहे हे ध्यानात घ्या. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून एका ३६ च्या रोलला हजाराच्या वर सहज जातात. स्वस्तात मिळणाऱ्या, सिनेमाच्या फिल्ममधून कापून भरलेल्या रोलांवर मागे काजळीचा थर असू शकतो. नेहमीच्या रंगीत धुलाईच्या यंत्रात तो चालत नाही. लॅबला आधी विचारून मगच असा रोल घ्या. आणि घरच्या माळ्यावर बडोद्यात बनलेला ॲग्फा क्लिक थ्री सापडला, तर त्याला १२० या मापाचा रुंद रोल लागतो आणि तो रोल अजून बनतो. तो कॅमेरा विकू नका. वरच्या दोघांशी त्याची तुलना नाही, पण आपल्याकडच्या कितीतरी घरांचे जुने अल्बम त्याच्यातूनच निघाले आहेत.

२०२२ च्या अखेरीस पेंटॅक्सने पुन्हा फिल्म कॅमेरा बनवायचे जाहीर केले, तेव्हा हाताने रोल पुढे सरकवण्याच्या लिव्हरची यंत्रणा समजून घ्यायला तरुण अभियंत्यांना जुन्या, निवृत्त अभियंत्यांकडे जावे लागले. २०२४ मध्ये आलेल्या पेंटॅक्स १७ मध्ये ती लिव्हर आहे. म्हणूनही माझा कौल के-१००० ला आहे. त्यातले प्रत्येक काम कसे होते हे डोळ्यांनी पाहता आणि बोटांनी जाणता येते.

तरी काहींनी आधी एई-१ घ्यावा. घरात लहान मूल आहे, धावपळीचे क्षण टिपायचे आहेत, एक्स्पोजर शिकण्यापेक्षा फोटो हाती येणे महत्त्वाचे आहे, आणि मिररलेस कॅमेरा आधीच आहे, तर दुरुस्तीचा धोका पत्करूनही तो तुम्हाला जास्त आनंद देईल. मात्र तो ऑनलाइन ‘न तपासलेला’ म्हणून विकला जात असेल तर घेऊ नका. विकणाऱ्याकडून सेल घालून शटर पाडतानाचा, आवाज ऐकू येईल असा व्हिडिओ मागून घ्या.