मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना: कुठल्या बेरोजगारीवर चालते, कुठल्या नाही

योजना महाराष्ट्र सरकारची, २०२४ ची. कंपनीत किंवा सरकारी कार्यालयात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि त्या काळात विद्यावेतन घ्यायचं: बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा अधिवास हवा, शिक्षण चालू नको. प्रशिक्षणाची मुदत आधी ६ महिने होती, २०२५ मध्ये ११ झाली. विद्यावेतन सरकार थेट खात्यात टाकतं. पण बेरोजगारी एका जातीची नसते आणि इथे सगळ्यांना औषध मात्र एकच.

गुण येतो तो संरचनात्मक बेरोजगारीवर. काम आहे, माणूसही आहे, कौशल्य जुळत नाही, असा हा प्रकार. साध्या लेथवर हात बसलेला टर्नर असतो आणि भोसरी-चाकणच्या वर्कशॉपला सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशीन, चालवणारा हवा असतो. प्रोग्रॅम वाचणं, टूल ऑफसेट देणं (टूलच्या मापातला फरक मशीनला सांगणं), पहिला जॉब मायक्रोमीटरने मोजून ऑफसेट दुरुस्त करणं, हे मशीनसमोर उभं राहूनच येतं आणि तेवढ्याला ६ महिने पुरतात. रुजू होण्याआधी एवढंच विचारा: मशीन हातात देणार की बर (कापलेल्या धातूच्या कडेची खरखर) काढायला आणि पॅकिंगला बसवणार? पॅकिंगच असेल तर प्रमाणपत्र मिळेल, काम येणार नाही.

‘अनुभव नाही म्हणून नोकरी नाही’ या चक्रात अडकलेल्यांनाही उपयोग होतो. शिकून बाहेर पडणं आणि पहिली नोकरी लागणं यांतला हा रिकामा काळ, म्हणजे घर्षणात्मक बेरोजगारी. तिला चार ओळखी आणि अनुभवाचा एक कागद पुष्कळ झाला.

सरकारी कार्यालयांत मात्र योजना लंगडी पडते. तिथली सुशिक्षित बेरोजगारी भरती रखडल्याने आहे. संगणकावर नोंदी करायला शिकवून रिकामं पद भरलं जात नाही. ‘कायम करा’ म्हणून प्रशिक्षणार्थींची आंदोलनं झाली, पण नियमांत कायम नोकरीची हमी पहिल्यापासून नव्हती. सरकारी जागा घेताना हे डोक्यात ठेवा. चक्रीय बेरोजगारीचंही तसंच. मंदीत ऑर्डरीच घटल्या तर कंपनी सरकारी पैशातला माणूस आनंदाने वापरेल, मुदत संपल्यावर पगारावर घेणार नाही.

हंगामी बेरोजगारीला हिचा उपयोग जवळजवळ शून्य. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. त्यानंतर बीडच्या ऊसतोड मजुराला गावात काम हवं, आणि बारावीच्या अटीतच तो बाहेर पडतो. त्याच्यासाठी १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ मध्ये कायद्यात आलेली रोजगार हमीच योग्य. छुपी बेरोजगारी, म्हणजे तीन एकरांत चार भाऊ राबतात आणि दोघे उठून गेले तरी पीक तेवढंच. त्यांतल्या बारावी झालेल्याने अर्ज जरूर करावा, फक्त तालुक्याला खोली घ्यावी लागली तर ६,००० रुपये भाडं आणि जेवणातच जातात.

नोंदणी महास्वयं संकेतस्थळावर होते. विद्यावेतन अडकतं ते बहुधा खात्यामुळे. खात्याला आधार क्रमांक नुसता जोडलेला असून भागत नाही, थेट लाभासाठी तेच खातं आधारशी संलग्न (सीडिंग) असावं लागतं, म्हणजे आधारवर येणारे सरकारी पैसे याच खात्यात जायचे अशी नोंद हवी. दोन बँकांत खाती असतील तर संलग्न कुठलं ते आधी बँकेत पाहून घ्या. महिन्यात १० किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलात तर त्या महिन्याचं विद्यावेतन नाही, आणि पहिल्याच महिन्यात सोडलं तरीही नाही. योजनेचा लाभ एकदाच मिळतो, म्हणून घराजवळची पहिली जागा दिसली की लगेच होकार देऊ नका.