पदवी-समकक्ष दाखला आणि आरपीएल सर्टिफिकेट: पेन्शन आल्यावर दोन्ही वापरून पाहिले

फौजेच्या ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) व्हेइकल मेकॅनिक होतो, हवालदार म्हणून पेन्शन आलो. गेले सहा-सात महिने हे दोन कागद घेऊन साताऱ्यात आणि पुण्यात फिरतोय. पेन्शन येणारी पोरं सारखी विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी पदवी-समकक्ष दाखला. दहावी पास (किंवा आर्मीचं स्पेशल सर्टिफिकेट) आणि किमान 15 वर्षं नोकरी झालेली असली की मिळतो. 1986 पासूनची सोय आहे. पण आपले लोक त्याला सरळ 'ग्रॅज्युएशन' म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. मुळात तो केंद्राच्या गट-क मधल्या माजी सैनिकांच्या राखीव जागांसाठी आहे. जाहिरातीत पदवी मागितली असली तरी फॉर्म भरता येतो, पण तांत्रिक कामाचा अनुभव सक्तीचा असेल तर नाही. म्हणजे बघा, आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं आणि हा कागद मला कारकुनाच्या खुर्चीकडे पाठवतो! त्यावर माझ्या ट्रेडचा एक शब्दही नाही. एका खाजगी कंपनीत एचआरच्या मॅडमनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "युनिव्हर्सिटी कुठली?" काय सांगणार? विद्यापीठाची पदवी म्हणून तो चालत नाही. खरी पदवी हवी असेल तर नोकरीत असतानाच इग्नूत (मुक्त विद्यापीठात) नाव घाला.

सरकारी परीक्षा देणार असाल तर मात्र दाखला घ्याच, आणि डिस्चार्जच्या आधीच हातात पडेल असं बघा. युनिटचा क्लार्क समोर असतो तोवर एका अर्जात काम होतं. घरी आल्यावर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रापत्री करत बसावं लागतं.

आता आरपीएल, म्हणजे आधीच अंगात असलेल्या कामाला मिळणारं सरकारमान्य सर्टिफिकेट. यात पूर्ण कोर्स शिकवत नाहीत, येतं काय ते तपासतात आणि त्या कामाची कौशल्याची लेव्हल देतात. मला सर्व्हिस टेक्निशियनची लेव्हल 4 मिळाली. सेंटरवाल्यांना हजेरीच्या फोटोचीच जास्त घाई होती, पण परीक्षक जाणकार निघाले. डिझेल लाइनमधली हवा काढायला लावली, ती मी बोलता बोलता काढली. पुढे एडब्लू (धूर साफ करायला नव्या डिझेल गाड्यांत घालतात ते युरियाचं पाणी) आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारं यंत्र) आले आणि माझी गाडी अडली. आमचा हात फौजेच्या स्टॅलियन ट्रकवर बसलेला, तिथं डिझेलचा पंप मेकॅनिकल. बाहेर एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6, म्हणजे धुराचे कडक नियम. ही दरी कुठलंच सर्टिफिकेट भरून काढत नाही. मी नंतर एका ओळखीच्या गॅरेजवर बिनपगारी बसून स्कॅनर शिकलो.

तरी खाजगी वर्कशॉपात चाललं ते आरपीएलचंच सर्टिफिकेट. सुपरवायझरला 'हवालदार, क्लास वन' (फौजेतला हुद्दा आणि ट्रेडची श्रेणी) कळत नाही, लेव्हल 4 निदान वाचता येते. बायोडेटात युनिटची नावं काढून गिअरबॉक्स ओव्हरहॉल, क्लच, रिकव्हरी, हाताखाली किती माणसं, असं लिहिलं तेव्हा कुठं ट्रायलला बोलावलं. सध्या तिथंच आहे. पगार बेताचा, पण काम माझं.

एमटीवाल्यांसाठी (फौजेतल्या ड्रायव्हरांसाठी) वेगळं: फौजेचं लायसन्स मोटार वाहन कायद्याच्या कलम 18 खालचं असतं, ते संरक्षण खात्याच्या गाड्यांपुरतंच. सिव्हिल ट्रक चालवायचा असेल तर आरटीओचं लायसन्स हवंच. ते शेवटच्या सुट्टीत उरका.