‘जुनी गाडी चालेल’ म्हणणाऱ्याला लोडिंगआधी पैसे देऊ नका

माझा चाळीस फुटी ट्रेलर 2012 चा आहे. गाडी आजही दमदार आहे, पण चाकण, रांजणगावच्या बऱ्याच कंपन्यांच्या गेटवर मॉडेल ऐकूनच नकार येतो. मग निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत दलालांकडे खेटे घालायचे, नाहीतर फोनवर लोडचे ग्रुप बघत बसायचं.

गेल्या पावसाळ्यात सलग सहा दिवस गाडी उभी होती. सातव्या दिवशी एका ग्रुपवर मेसेज आला: चाकण ते होसूर, मशीन, 18 टन, जुनी गाडी चालेल. भाडंही इतर दलाल सांगत होते त्यापेक्षा 9,000 नी जास्त. मी लगेच फोन लावला. समोरचा माणूस मराठीच बोलत होता, ‘दादा, दादा’ करत होता. त्याने आरसी, विमा, ड्रायव्हरचं लायसन मागितलं आणि मी सगळ्याचे फोटो पाठवले. त्यानेही एका ट्रान्सपोर्टचं जीएसटी सर्टिफिकेट पाठवलं.

गाडी रात्री आठला तळेगाव चौकात पोचली. तेव्हा म्हणाला, गेटपासचं डिपॉझिट 8,500 भरा, अ‍ॅडव्हान्समध्ये परत मिळेल. क्यूआर आला, मी भरले. दहा वाजता मालाच्या विम्याचे म्हणून 6,200 मागितले. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण सहा दिवसांनी मिळालेलं भाडं हातचं जाईल या भीतीने तेही भरले. अकरा वाजता फोन बंद. ड्रायव्हर पावसात गेटवर चौकशी करून आला. तिथे असं कुठलंच लोडिंग नव्हतं.

वीस वर्षं या धंद्यात आहे. दलाल आपली दलाली भाड्यातून कापून घेतो. माल भरला, बिल्टी (मालाची पावती) हातात आली की अ‍ॅडव्हान्स, आणि उरलेले पोच दिल्यावर. गाडीवाल्याने लोडिंगआधी पैसे भरायची पद्धतच नाही. हे मला माहीत होतं, तरी भरले.

सर्टिफिकेट नीट बघितलं ते दुसऱ्या दिवशी. पत्ता भोसरीचा आणि नंबरची सुरुवात 24 ने. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, 24 गुजरातचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव दिसतं, दोन मिनिटांचं काम. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला तोही दुपारी. तोपर्यंत पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. रात्रीच केला असता तर कदाचित अडवता आले असते, म्हणून सांगतो, शंका आली की त्याच क्षणी 1930 लावा. सकाळची वाट बघू नका.

14,700 गेले त्यापेक्षा मोठा त्रास पुढे झाला. महिन्याभराने सोलापूरच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला, माझी गाडी माल भरायला का आली नाही म्हणून. त्याला माझीच आरसी पाठवून, माझ्या गाडीच्या नावावर कुणीतरी डिझेलचा अ‍ॅडव्हान्स उचलला होता. तो माणूस मला शिव्या देत होता आणि त्याचंही चुकत नव्हतं. आता मी कुणालाही कागद पाठवताना फोटोवर तारीख, कुठून कुठे आणि कुणासाठी हे आडवं लिहूनच पाठवतो. त्या व्यापाऱ्याला माझ्या तक्रारीची प्रत पाठवली, तेव्हा कुठे तो शांत झाला.