छोट्या युनिटने स्क्रू बसवण्यासाठी काय घ्यावं: फीडर, टेबलटॉप की रोबो?

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये मोठ्या कंपन्यांना इलेक्ट्रिकल पार्ट्स पुरवणारी छोटी युनिट्स बरीच आहेत. स्क्रूचं काम आपोआप करायचं ठरलं की तिथे पहिला प्रश्न येतो तो किमतीचा, दुसरा वेगाचा. माझ्या मते आधी स्क्रू बघावा, मग दिवसात जॉब, म्हणजे ज्यात स्क्रू बसवायचा तो पार्ट, किती वेळा बदलतो ते बघावं. मशीन त्यावरूनच ठरतं.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे हातातला डीसी ड्रायव्हर (विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर) आणि शेजारी एकेक स्क्रू पुढे आणून ठेवणारा रेल फीडर. ऑपरेटर ड्रायव्हरच्या चुंबकाच्या बिटने (टोकाने) स्क्रू उचलतो आणि बसवतो. दिवसात चार-पाच मॉडेल्स चालत असतील तर मी डोळे झाकून हाच सुचवेन. ड्रायव्हर टॉर्क आर्मवर (त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्यावर) लावा, म्हणजे झटका मनगटाला बसत नाही आणि स्क्रू सरळ उतरतो.

हवेच्या दाबाने नळीतून स्क्रू थेट बिटखाली आणणारा ब्लो फीड याहून वेगवान. पण तो सगळ्याच स्क्रूंना चालत नाही. डोक्यासकट लांबी डोक्याच्या व्यासाच्या साधारण दीडपट तरी हवी, नाहीतर स्क्रू नळीत उलटतो. एम3 बाय 5 पॅन हेड (3 मिमी जाड, 5 मिमी लांब, गोलसर डोक्याचा स्क्रू) घ्या. डोकं साधारण 6 मिमी, डोक्यासकट लांबी जेमतेम साडेसात. हा नळीत अडकणारच. एम3 बाय 12 मात्र बिनधास्त जातो. आखूड स्क्रूला व्हॅक्युमने उचलणारं हेड घ्या.

एकच जॉब शिफ्टभर चालत असेल तर टेबलटॉप मशीन, म्हणजे टेबलावर ठेवलेलं, ठरलेल्या जागी आपोआप स्क्रू बसवणारं. दोन फिक्श्चरवालंच (फिक्श्चर म्हणजे जॉब पकडून ठेवणारा साचा) घ्या: एकावर मशीन स्क्रू बसवतं, तोवर ऑपरेटर दुसऱ्यावर जॉब लावतो. एक फिक्श्चर असेल तर मशीन निम्मा वेळ माणसाची वाट बघत उभं राहतं. शिवाय मोल्डिंगमधलं भोक दर लॉटला इकडेतिकडे सरकत असेल तर हे मशीन त्रास देईल. माणसाचा हात ते सांभाळून घेतो, मशीन घेत नाही. रोबो लाइनवर शोभतो. मागेपुढे कन्व्हेअर नसेल तर त्याचा विचार सध्या नको.

काहीही घ्या, टॉर्कवर, म्हणजे स्क्रू आवळणाऱ्या पिळाच्या जोरावर, पैसे वाचवू नका. साधा क्लच ठरलेला टॉर्क आला की सुटतो. पण स्क्रू तिरका जाऊन मध्येच अडकला तरी तोच टॉर्क येतो आणि जॉब ‘ओके’ म्हणून पुढे सरकतो. फेरे मोजणारा ड्रायव्हर हे पकडतो. एम3 च्या नेहमीच्या आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 0.5 मिमी, म्हणजे 10 मिमी आत जायला 20 फेरे. 12 फेऱ्यांतच टॉर्क भरला तर स्क्रू अडकलाय. फेरे संपले तरी टॉर्क येत नसेल तर आटे गेलेत. वायर धरणाऱ्या टर्मिनलमध्ये सैल स्क्रू म्हणजे पुढे कुणाच्या तरी घरात तापणारा जोड, म्हणून मी यावर अडून बसतो.

ऑर्डरआधी व्हेंडरकडे स्वतःचे जॉब आणि स्वतःचेच स्क्रू घेऊन जा. निवडलेले नकोत, पोत्यातून काढलेले, तेलकट, चुरा असलेले न्या. पूर्ण शिफ्ट ट्रायल मागा आणि फीडर किती वेळा जाम झाला ते वहीत लिहून घ्या.