निवडलं एक, बसवलं दुसरंच: ब्रेस्ट इम्प्लांटच्या बाबतीत माझी झालेली फसवणूक

2017 मध्ये कर्करोगामुळे माझा डावा स्तन काढावा लागला. त्याच ऑपरेशनमध्ये इम्प्लांट, म्हणजे स्तनाचा आकार देणारी कृत्रिम पिशवी, बसवून घ्यायचं ठरलं. निदान कळल्यापासून ऑपरेशनपर्यंत हातात होते अकरा दिवस, आणि त्या अकरा दिवसांत मी डोळ्यांत तेल घालून एकच गोष्ट ठरवली होती: इम्प्लांट कोणत्या प्रकारचं हवं. ते मला मिळालंच नाही, हे समजायला सहा वर्षं लागली.

काउन्सेलरनं टेबलावर तीन नमुने ठेवले होते. पहिलं सलाईनचं, म्हणजे आत मिठाचं पाणी. ‘यात सिलिकॉन नाही,’ असं ती म्हणाली. हेही खरं नव्हतं. आत पाणी असलं तरी बाहेरची पिशवी सिलिकॉनचीच असते. ते फुटलं तर थोड्या दिवसांत सपाट होतं, म्हणजे किमान कळतं तरी, आणि पाणी शरीरात जिरतं. पण त्वचेखाली मांस कमी असेल तर त्याच्या सुरकुत्या वरून दिसतात, आणि स्तन काढल्यावर मांस उरतंच किती? म्हणून ते बाद केलं. दुसरं गोल, आत सिलिकॉन जेल, वरून गुळगुळीत. तिसरं थेंबाच्या आकाराचं, घट्ट जेलचं, वरून खरखरीत. ते खरखरीत असण्याला कारण आहे. थेंबाचा आकार आत फिरला तर स्तन वेडावाकडा दिसतो. खरखरीत पृष्ठभागाला भोवतालची ऊती धरून राहते आणि ते जागचं हलत नाही. गोल इम्प्लांट फिरलं तरी बाहेरून काही कळत नाही, त्यामुळे त्याला खरखरीतपणाची गरज नसते.

माझ्या बहिणीनं तोवर बरंच वाचून ठेवलं होतं. खरखरीत, म्हणजे टेक्स्चर्ड इम्प्लांटच्या भोवती शरीर जे आवरण तयार करतं, त्यात क्वचित एक लिम्फोमा होतो. तो स्तनाचा कर्करोग नाही, रोगप्रतिकारक पेशींचा आहे. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं 2011 मध्ये त्याबद्दल सावध केलं होतं आणि 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली होती. धोका थोडाच असतो, मान्य आहे. पण एका कर्करोगातून सुटण्यासाठी मी टेबलावर झोपणार होते, दुसऱ्याची थोडीशीही शक्यता मला अंगात नको होती. मी हे सगळं काउन्सेलरला स्पष्ट सांगितलं. तिनं माझ्यासमोर लिहून घेतलं: राउंड, स्मूद, जेल. आणि म्हणाली, ‘ताई, अगदी निर्धास्त राहा. हे आयुष्यभर टिकतं.’

तिनं ते लिहिलं होतं स्वतःच्या डायरीत. माझ्या केसपेपरवर त्यातलं एक अक्षरही नव्हतं. हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहमतीपत्र पुढे आलं. हाताला सुई टोचलेली, चष्मा बहिणीकडे, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात. सहा-सात पानं होती. मी दाखवतील तिथे सह्या करत गेले. त्यात एक वाक्य होतं, जे मी पुढे सहा वर्षांनी पहिल्यांदा वाचलं: आवश्यकता भासल्यास इम्प्लांटचा प्रकार व आकार बदलण्याचा अधिकार शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना राहील.

डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं, ‘सिलिकॉन इम्प्लांट, 1 नग.’ बस. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात कंपनीनं चिकटपट्टीची लेबलं दिलेली असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, पृष्ठभाग, आकारमान, लॉट नंबर, सिरीयल नंबर असतो. एक लेबल रुग्णालयाच्या नोंदीत लावायचं आणि एक पेशंटच्या कार्डावर. मी कार्ड मागितलं, तर ‘फाईलला लावलंय, हवं तेव्हा या’ असं उत्तर आलं. केमो सुरू व्हायची होती, केस गळणार म्हणून मी रडत होते, कार्डाचं कोणाला सुचतंय?

2019 मध्ये बातम्या आल्या. एप्रिलमध्ये फ्रान्सनं काही प्रकारच्या खरखरीत इम्प्लांटवर बंदी घातली, आणि जुलैमध्ये एफडीएच्या सांगण्यावरून ॲलर्गन कंपनीनं आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. मी लगेच रुग्णालयात फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘तुमचं त्या कंपनीचं नाहीच. काळजी करू नका.’ हे खरं होतं, आणि म्हणूनच मी फसले. माझं इम्प्लांट त्या कंपनीचं नव्हतं. पण मग कोणत्या प्रकारचं आहे, हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

2023 मध्ये डावी बाजू घट्ट व्हायला लागली. आधी वाटलं मनाचे खेळ आहेत. मग आकारही बदलला, कुशीवर झोपता येईना. इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळत जातं, त्याला कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. त्याच्या चार पायऱ्या मानतात, माझी तिसरी होती. हे कोणत्याही इम्प्लांटमध्ये होऊ शकतं, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. नव्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘कार्ड आहे?’

नव्हतं. जुन्या रुग्णालयात गेले तर म्हणे फाईल रेकॉर्ड रूममध्ये आहे, उद्या या. उद्याचे किती परवा झाले. शेवटी लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली, तेव्हा अकरा आठवड्यांनी ऑपरेशनच्या नोंदीची झेरॉक्स मिळाली. खाली कोपऱ्यात लेबल होतं, जरा पुसट. गोल, जेल, आणि पुढे टेक्स्चर्ड. मी तो कागद खिडकीपाशी नेऊन धरला. शब्द तोच होता.

जाब विचारल्यावर उत्तर मिळालं की त्या दिवशी तुमच्या मापाचं स्मूद उपलब्ध नव्हतं, आणि दोन्ही तसे सारखेच. सारखेच असतील तर निवडायला माझ्यापुढे का ठेवले? उपलब्ध नव्हतं तर शुद्धीवर आल्यावर का नाही सांगितलं? मी ते नाकारलं असतं, इम्प्लांटशिवायही राहिले असते, पण तो निर्णय माझा असता. 2019 मध्ये मी घाबरून फोन केला, तेव्हा तरी फाईल उघडून बघायची.

2023 च्या शेवटी ते काढलं. आवरण आणि द्रव तपासणीला पाठवले, रिपोर्ट स्वच्छ आला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मला ते धुऊन पिशवीत घालून दाखवलं. शेजारी एक स्मूद नमुना ठेवला. मी दोन्हींवरून अंगठा फिरवला. नमुना ओल्या काचेसारखा सरकला. माझ्यातून निघालेलं वापरून झिजलेल्या पॉलिश पेपरसारखं बारीक खरखरत होतं. इतक्या वर्षांत ते मला आतून कधीच जाणवलं नव्हतं, आणि बाहेरून बघून कोणालाच ओळखता आलं नसतं.

कधी कधी तर कंपनीच फसवते. पीआयपी या फ्रेंच कंपनीनं वैद्यकीय सिलिकॉनऐवजी औद्योगिक दर्जाचं जेल भरलं होतं. 2010 मध्ये ते उघड झालं, मालक जाँ-क्लोद मास याला 2013 मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. अशी बातमी आल्यावर आपल्या अंगात काय आहे, हे लेबलावरूनच कळतं. लेबल नसलेल्या बाईनं काय करायचं?

‘आयुष्यभर टिकतं’ हेही खोटंच. एफडीए स्पष्ट सांगते की इम्प्लांट जन्मभराची वस्तू नाही. जेलचं इम्प्लांट फुटलं तरी अनेकदा बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून लक्षणं नसली तरी पाच-सहा वर्षांनी अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी, असा त्यांचा सल्ला आहे. मला हे कोणी सांगितलं नाही. 2021 पासून अमेरिकेत ऑपरेशनआधी धोक्यांची यादी बाईसमोर ठेवून तिच्याकडून एकेक मुद्दा वाचून घ्यावा लागतो. तशी यादी माझ्यासमोर आली असती तर काउन्सेलरच्या गोड बोलण्याला मी भुलले नसते.

ज्या बायका आता निवड करताहेत, त्यांनी प्रकार, पृष्ठभाग आणि आकार सहमतीपत्रावर स्वतःच्या हातानं लिहावा. ‘यात बदल करायचा झाल्यास ऑपरेशन थांबवावे’ किंवा ‘माझ्या बहिणीला विचारावे’ असंही लिहा, आणि ते पत्र आदल्या दिवशी घरी मागून घ्या. ऑपरेशनच्या सकाळी वाचून होत नाही. कार्ड हातात पडल्याशिवाय डिस्चार्जच्या कागदावर सही करू नका.

आणि ज्यांना खरखरीत बसवलेलं आहे, त्यांनी घाबरून ते काढायला धावू नये. काही त्रास नसला तरी काढा, असं एफडीएही म्हणत नाही. पण वर्षानुवर्षं ठीक असलेली बाजू अचानक सुजली, पाणी साचल्यासारखं वाटलं, गाठ लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा आणि हातात कार्ड घेऊनच जा. तो लिम्फोमा सरासरी आठ-दहा वर्षांनी दिसतो, आणि तोवर ऑपरेशनचा दिवसही आपल्याला नीट आठवत नसतो. कार्ड नसेल तर आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मला अकरा आठवडे लागले होते, आणि तेव्हा माझी बाजू आधीच घट्ट झालेली होती.