ऱ्हस्व खाली, दीर्घ वर: कविता लिहिण्यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड

मराठीत कविता लिहिणाऱ्यांनी, त्यातही वृत्तात लिहिणाऱ्यांनी, इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. पहिले काही आठवडे तो त्रास देतो. त्यानंतर तो जे देतो ते मला दुसऱ्या कोणत्याही साधनात मिळालं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझ्याविषयी थोडं, म्हणजे हे मत कुठून आलं ते कळेल. कॉलेजात असताना मी वृत्तबद्ध कविता लिहायचे. मग नोकरी लागली आणि दूरसंचार यंत्रणांच्या सॉफ्टवेअरमध्ये जवळजवळ सगळी उमेदीची वर्षं गेली. काम मनापासून आवडायचं, पण त्यात मराठीचा संबंध फोनवर घरच्यांशी बोलण्यापुरताच उरला. निवृत्ती जवळ आली तसं पुन्हा लिहावंसं वाटू लागलं. वही काढली, लिहिलंही, पण इतकी वर्षं बोटांनी विचार करायची सवय झालेली. खोडणं, ओळ उचलून वर नेणं, जुना मसुदा शेजारी ठेवून बघणं, हे सगळं मला पडद्यावरच जमतं. तेव्हा मराठी टाइप करायला नीट शिकायचं ठरवलं.

इन्स्क्रिप्ट ही विकत घ्यायची वस्तू नाही. कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटावं याची ही ठरलेली मांडणी. विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर ती मिळते. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करायची. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८६ मध्ये प्रमाण ठरवली आणि पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात, म्हणजे भारतीय लिप्या संगणकात साठवण्याच्या ज्या पद्धतीला आपण इस्की म्हणतो त्यात, तिचा समावेश झाला. देवनागरीसाठी आहे तशीच ती गुजराती, बंगाली, कन्नड अशा इतर भारतीय लिप्यांसाठीही आहे. क जिथे देवनागरीत, तिथेच तो कन्नडमध्ये.

आता मुख्य गोष्ट. ही मांडणी ज्यांनी केली त्यांनी बाराखडी आणि वर्णमाला समोर ठेवून केली आहे. स्वर आणि कानामात्रा डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताखाली. (म, न, व ही तीन मात्र खालच्या ओळीत डावीकडे येतात.) क आणि त मधल्या ओळीत, जिथे बोटं विसावतात तिथे. शिफ्ट धरलं की क चा ख होतो, त चा थ. आणि बोट जरा वर नेलं, की क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड. वरच्या ओळीत पुन्हा शिफ्ट धरा: घ, ध, झ, ढ. शाळेत घोकलेले वर्ग इथे बोटांना सापडतात. अनुप्रास शोधताना याचा किती उपयोग होतो ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. त, थ, द, ध एकाच बोटाच्या टापूत असल्यामुळे एका वर्गातला शब्द लिहिताना त्याची भावंडं आपोआप मनात येतात.

त्याहून मोठा आनंद डाव्या हाताचा. इंग्रजी एफच्या बटणावर ऱ्हस्व इकार आहे. बरोबर त्याच्या वर, आरच्या बटणावर, दीर्घ ईकार. जीवर ऱ्हस्व उकार, त्याच्या वर टीवर दीर्घ ऊकार. ऱ्हस्व खाली, दीर्घ वर. ज्याने कधी वृत्तात ओळ बसवायचा प्रयत्न केला आहे त्याला याचं मोल सांगायला नको. लघू (ऱ्हस्व उच्चाराचं) की गुरू (दीर्घ उच्चाराचं) अक्षर, ही निवड म्हणजे एक बोट एक ओळ वर न्यायचं की नाही, एवढीच हालचाल उरते. कवितेत 'ही' चं 'हि' करावं लागतं तेव्हा तर्जनी एक पायरी खाली येते. मी काय सवलत घेते आहे ते हाताला कळतं, आणि कळल्यामुळे ती वारंवार घेववत नाही.

उदाहरण म्हणून भुजंगप्रयात या वृत्तात बसवलेली माझी एक ओळ घेते. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट; ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू. इथे चार वेळा य गण, लगागा लगागा लगागा लगागा, बारा अक्षरं:

उभा पूल होता नदी आटलेली

ही ओळ इन्स्क्रिप्टवर टाइप करून पाहा. ल, न, ट हे लघू एकेका बटणात संपतात. भा, पू, हो, ता, दी, ले, ली या प्रत्येक गुरूला दोन बटणं लागतात: आधी व्यंजन, मग मात्रा. वृत्तात मात्रा म्हणजे उच्चाराचा काळ: लघूची एक, गुरूच्या दोन, आणि बोटांचा ठेकाही तोच. हे दर वेळी जमत नाही, हे मला माहीत आहे. कि किंवा कु हे लघू असूनही दोन बटणं खातात, आणि उ किंवा आ सारख्या सुट्या स्वराला शिफ्ट धरावं लागतं. तरी कानामात्रा नसलेल्या लघूंनी भरलेली ओळ बोटांखालून सरसर जाते आणि गुरूंनी भरलेली ओळ जड पावलांनी जाते, हा फरक दर वेळी जाणवतो. पुढची ओळ, 'तरी पावलांना तिची याद होती', मी मात्रा न मोजता लिहिली. नंतर मोजली तर बसलेली होती.

इथे एक जरा वेगळी गोष्ट सांगते, कारण माझ्या पिढीच्या इंजिनिअरांना ती आवडेल. लघूला शून्य आणि गुरूला एक मानलं तर तीन अक्षरांचे आठच गण का होतात ते लगेच दिसतं. दोन पर्याय, तीन जागा. 'यमाताराजभानसलगं' हे सूत्र शाळेत पाठ केलं होतं तेव्हा त्यातली गंमत कुणी दाखवली नव्हती: पहिल्या आठांतलं कोणतंही अक्षर धरा, त्याच्यापासून तीन अक्षरं वाचा, आणि त्या गणाचा लगक्रम हातात. य धरला की यमाता, म्हणजे लगागा. ज धरला की जभान, म्हणजे लगाल. दहा अक्षरांत आठही गण. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाने छंदःशास्त्रात लघू-गुरूंचे सगळे क्रम मांडायची प्रस्ताराची रीत दिली, ती मी नोकरीत वर्षानुवर्षं लिहिलेल्या तक्त्यांपेक्षा वेगळी नाही. नोकरी आणि कविता ही दोन वेगळी आयुष्यं आहेत असं मला वाटत आलं होतं. आता तसं वाटत नाही.

परत कीबोर्डकडे. जोडाक्षरांसाठी हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, डी या बटणावर आहे, डाव्या मधल्या बोटाखाली. 'सूर्य' लिहायचं तर स, दीर्घ ऊकार, र, हलन्त, य. रफार डोक्यावर चढवायचं काम संगणक करतो, आपण उच्चाराच्या क्रमाने लिहीत जायचं. ऱ्हस्व इकारही व्यंजनानंतरच टाइप करायचा, तो दिसतो आधी तरीही. जुन्या टाइपरायटरच्या मांडणीत तो दिसतो त्या क्रमाने, म्हणजे आधी मारावा लागे. कवितेसाठी उच्चाराचा क्रम हाच खरा क्रम, कारण ओळ आपण मनात ऐकत असतो.

हलन्ताचा आणखी एक धडा. जोडाक्षराचा आघात आला की आधीचा लघू गुरू होतो. 'चर्या' मधला च गुरू. पण 'दऱ्या' मधला द लघूच राहतो, कारण तिथे आघात येत नाही. कागदावर लिहिताना हे दोन र आपण सवयीने वेगळे काढतो आणि पुढे जातो. इन्स्क्रिप्टवर त्यांची बटणंच वेगळी पडतात: 'चर्या' ला साधा र आणि हलन्त, 'दऱ्या' ला शिफ्ट धरून ऱ आणि हलन्त. वाऱ्यावर, दुसऱ्या, ऱ्हास, असे शब्द मराठीत पावलोपावली येतात, आणि त्यांच्यासाठी थेट बटण असणं ही फार मोठी सोय आहे.

संपादनाबद्दलही सांगायला हवं, कारण माझी कविता खोडण्यातच घडते. मागे खोडायचं बटण एकदा दाबलं की बहुतेक ठिकाणी फक्त मात्रा जाते, व्यंजन राहतं. 'ले' चा 'ल' उरतो आणि त्यावर दुसरी मात्रा लावता येते. यमक जुळवताना, एखादा प्रत्यय बदलताना हे फार उपयोगी पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय मानकात, देवनागरीला १२८ जागा आहेत आणि त्यात मात्रा हे स्वतंत्र चिन्ह मानलं आहे, त्याचा हा फायदा.

युनिकोडच्या आधीच्या काळात माझ्या काही कविता एका मैत्रिणीने कुठल्याशा मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवल्या होत्या. ती फाइल आज उघडली तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा ढीग दिसतो. त्या काळचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवत. फॉन्ट गेला की मजकूर गेला. आज इन्स्क्रिप्टने लिहिलेली ओळ कुठेही उघडली तरी तीच ओळ असते. पुढच्या पिढीसाठी काही ठेवून जायचं असेल तर हे महत्त्वाचं आहे.

इतर मार्ग मी वापरून पाहिले आहेत. रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळवणं बहुतेकांना सोपं जातं, आणि दोन ओळींचा निरोप पाठवायला ते ठीक आहे. पण त्यात मराठी शब्द आधी मनातल्या मनात रोमन करावा लागतो. त्यातच त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ यांच्यासाठी लहान-मोठ्या लिपीच्या खुणा, किंवा मग यंत्राने अंदाज करून दिलेल्या यादीतून निवड. 'नदी' लिहायला गेलं की 'नाडी' ही येते आणि 'नादी' ही. माझ्यापुरता याचा सगळ्यात मोठा तोटा असा, की यंत्र नेहमी जास्त वापरातला शब्द पुढे करतं आणि कविता बऱ्याचदा कमी वापरातल्या शब्दापाशी अडून बसलेली असते.

टीममधला एक मुलगा म्हणाला होता, "मॅडम, शिकत कशाला बसता? फोनला सांगा, तो लिहून देईल." मी तेही करून पाहिलं. गद्यासाठी ते खरंच चांगलं चालतं, पत्रं मी तशीच सांगते. पण कवितेत ओळ कुठे तोडायची हे मला अजून ठरायचं असतं, आणि अर्धवट सुचलेला शब्द मोठ्याने उच्चारला की तो तिथेच पक्का होऊन बसतो.

आता उणिवा. मांडणीत मराठीला न लागणाऱ्या अक्षरांनी मोक्याच्या जागा अडवल्या आहेत. शिफ्ट धरून न दाबला की नुक्ता (खाली टिंब) असलेला ऩ येतो, व दाबला की ऴ. ही अक्षरं दाक्षिणात्य भाषांतले ध्वनी देवनागरीत दाखवायला आहेत. मराठी कवीला त्यांची गरज क्वचितच. उलट 'ॲ' हे आपलं रोजचं अक्षर. युनिकोडमध्ये ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं, आणि मांडणी जुनी असेल तर आजही त्या जागी हिंदीतलं 'ऍ' उमटतं. आजच्या कवितेत ॲप येतं, ॲसिड येतं, आणि मराठी डोळ्याला ते दुसरं रूप खुपतं. प्रश्नचिन्हाचीही अडचण आहे. काही संगणकांवर त्यासाठी इंग्रजी मांडणीत जाऊन परत यावं लागतं, आणि प्रश्नावर संपणारी ओळ लिहिताना नेमकी तिथे लय तुटते. प्रमाण मांडणीची पुढची दुरुस्ती कधी होईल तेव्हा या दोन गोष्टी आधी घ्याव्यात, असं मला कळकळीने वाटतं.

बटणांवर देवनागरी छापलेला कीबोर्ड लागेल का, असं विचारलं जातं. लागत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मांडणीचं चित्र उघडं ठेवा आणि बटणांकडे न बघता शिका. सरावासाठी टाइपिंगचे धडे घेऊ नका, तुम्हाला पाठ असलेले अभंग आणि श्लोक टाइप करा. शब्द आठवायचे नसतात, त्यामुळे सगळं लक्ष बोटांवर राहतं, आणि छंदही हातात मुरतो. एफ आणि जेवरचा उंचवटा तर्जनीला सापडला की एकीकडे ऱ्हस्व इकार आणि दुसरीकडे र, तिथून सगळा प्रदेश मोजता येतो. शब्द सुचवण्याची सोय असेल तर ती पहिल्या दिवशीच बंद करा.

मुक्तछंद लिहिणाऱ्यांना लघू-गुरूच्या जागांचा माझ्याइतका उपयोग होणार नाही, पण उच्चाराच्या क्रमाने लिहिण्याचा होईल. वर्षाकाठी दोन-चार कविता लिहिणाऱ्याने एवढे कष्ट घ्यावेत का? मी आग्रह धरणार नाही, वही उत्तम आहे. फोनवर मात्र इन्स्क्रिप्टच्या वाटेला जाऊ नये. तिथे दहा बोटं नसतात, अंगठे असतात, आणि ज्या रचनेचा मी इतका वेळ गोडवा गायला ती दहा बोटांसाठी केलेली आहे. फोनवर मी क ते ज्ञ ओळीने लावलेली साधी मांडणी वापरते आणि सुचलेली ओळ तेवढी नोंदवून ठेवते.